अंधशिक्षण, महाराष्ट्रातील

पूर्णतः दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी असलेल्या मुलामुलींना त्यांच्या उर्वरित ज्ञानेंद्रियांच्या व शिल्लक दृष्टीच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या शिक्षणास अंधशिक्षण म्हणतात. वाचन, लेखन व गणित या शालेय विषयांबरोबरच स्वतंत्रपणे हिंडणेफिरणे, स्वयंपाक, पैशांचे व्यवहार आणि समाजात वावरणे यांचे प्रशिक्षणही या संज्ञेत अंतर्भूत होते. महाराष्ट्रात या शिक्षणाचा संघटित आरंभ १९०० मध्ये मुंबईत झाला. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत लिपी, अध्यापनपद्धती, कायदे व साधने या चारही बाबतींत मोठी प्रगती झाली. तथापि हे शिक्षण दीर्घकाळ मोठ्या शहरांतील वसतिगृहयुक्त शाळांपुरते मर्यादित राहिले. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीसारख्या गावातील अंध मुलापुढे शिक्षणासाठी घर सोडणे किंवा घरासाठी शिक्षण सोडणे, असे दोनच मार्ग उरत. हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न, हेच महाराष्ट्रातील अंधशिक्षणाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

व्याख्या व प्रकार : सामान्य व्यवहारात अंध म्हणजे काहीच न दिसणारी व्यक्ती असे समजले जाते. कायद्याची व्याख्या याहून व्यापक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे उत्तमात उत्तम चष्मा लावूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० हून कमी असल्यास, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असल्यास ती व्यक्ती अंध ठरते. सामान्य डोळ्यास ६० मीटरांवरून दिसणारे अक्षर ज्या व्यक्तीस ३ मीटरांवर यावे लागल्याशिवाय दिसत नाही, तिची दृष्टी ३/६० असते. या मर्यादेच्या वरील, परंतु ६/१८ पर्यंतच्या दृष्टीस अल्पदृष्टी म्हणतात. २०११ च्या जनगणनेत भारतातील सु. २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्तींपैकी सु. ५० लक्ष व्यक्तींना दृष्टिविषयक अपंगत्व असल्याचे नोंदले गेले.

अध्यापनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. डोळे वापरल्याने ते अधिक बिघडतात, अशी समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सर्वत्र होती. त्यामुळे अल्पदृष्टी मुलांनाही अनेकदा पूर्ण अंध मानून शिकविले जाई. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ नॅटली बरागा यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दाखवून दिले, की शिल्लक दृष्टी योग्य सरावाने अधिक कार्यक्षम होते. तेव्हापासून अल्पदृष्टी मुलांस मोठ्या टाइपातील मजकूर, बहिर्गोल भिंग व पुरेसा प्रकाश यांच्या साहाय्याने शिकविण्याची पद्धत रूढ झाली.

पूर्वपरंपरा : भारतीय परंपरेत अंध व्यक्तीस ‘प्रज्ञाचक्षू’ हे आदरार्थी विशेषण लावले जाई. महाभारतात ते धृतराष्ट्रास लावलेले आढळते. व्यवहारात मात्र अंध मुलाच्या वाट्यास भजन-गायन, एखाद्या नातेवाइकाचा आश्रय अथवा भिक्षा यांपलीकडे फारसे काही येत नसे. ज्या थोड्यांना विद्या मिळाली, त्यांना ती श्रवणातून मिळाली. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) हे याचे ठळक उदाहरण होय. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गुलाबरावांची दृष्टी वयाच्या पहिल्याच वर्षात गेली. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन ते स्मरणात साठविले आणि शंभरांहून अधिक लहानमोठ्या रचना सिद्ध केल्या. अंधत्व आणि बुद्धी यांचा विरोध नाही, हे त्यांच्या चरित्रावरून सिद्ध होते. परंतु असामान्य स्मरणशक्ती आणि वाचून दाखविणारे शिष्य यांवर अवलंबून असलेली ही रीत सामान्य मुलास उपयोगी पडणारी नव्हती. त्याला स्वतःच्या हाताने वाचता येईल अशा अक्षराची गरज होती.

ब्रेल लिपी : असे अक्षर फ्रान्समध्ये निर्माण झाले. व्हालांतँ आयुई (१७४५–१८२२) यांनी १७८४ मध्ये पॅरिस येथे अंध मुलांसाठी शाळा काढली. तेथे कागदावर उठावाची नेहमीची रोमन अक्षरे छापून ती बोटांनी वाचावयास शिकविली जात. ही अक्षरे वाचण्यास अवघड होती आणि मुलांना ती स्वतः लिहिता येत नसत. याच शाळेचा विद्यार्थी लूई ब्रेल (१८०९–५२) याने लष्करातील अधिकारी शार्ल बार्बिये यांच्या बारा ठिपक्यांच्या लेखनपद्धतीत बदल करून सहा ठिपक्यांची लिपी तयार केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. वडिलांच्या खोगिरे बनविण्याच्या कारखान्यात खेळताना वयाच्या तिसऱ्या वर्षी हत्यार लागून ब्रेलचा एक डोळा गेला होता व पुढे संसर्गाने दुसराही गेला होता. डोळस माणसाने अंधांसाठी कल्पिलेली लिपी अपुरी ठरली आणि अंध विद्यार्थ्याने रचलेली लिपी जगभर स्वीकारली गेली, ही गोष्ट अंधशिक्षणाच्या इतिहासात वारंवार उद्धृत केली जाते.

ब्रेलच्या एका घरात तीन-तीन ठिपक्यांचे दोन उभे स्तंभ असतात. डावीकडील ठिपक्यांना वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडील ठिपक्यांना ४, ५, ६ असे क्रमांक देतात. त्यांच्या वेगवेगळ्या जुळणीतून ६३ चिन्हे तयार होतात. एक घर तर्जनीच्या टोकाखाली एकाच वेळी मावते, हे या रचनेचे मर्म होय. लिहिताना धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या खाचांच्या पाटीत जाड कागद अडकवून टोचणीने ठिपके पाडतात. ठिपके कागदाच्या मागील बाजूस उठत असल्याने लेखन उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटल्यावर वाचन डावीकडून उजवीकडे होते. त्यामुळे मुलास प्रत्येक चिन्ह लिहिताना उलट व वाचताना सुलट असे दोन्ही प्रकारे लक्षात ठेवावे लागते.

पहिल्या शाळा : भारतातील पहिली अंधशाळा ॲनी शार्प या मिशनरी महिलेने १८८७ मध्ये अमृतसर येथे सुरू केली. १९०३ मध्ये ती डेहराडूनजवळील राजपूर येथे हलविण्यात आली. महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. तो काळ १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळाचा होता. उपासमारीत अ जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांची बुबुळे नासत, आणि त्यातच देवीच्या रोगाने अनेकांचे डोळे जात. पुढे ही शाळा दादर येथील अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली व कालांतराने श्रीमती कमला मेहता यांच्या नावे, मुलींची शाळा म्हणून, चालू राहिली. १९०२ मध्ये मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरिअल अंधशाळा स्थापन झाली. तिच्याशी संबंधित असलेले डॉ. नीलकंठराय छत्रपती हे स्वतः अंध होते. त्यांनी गुजराती व मराठीसाठी एक ब्रेल संकेत तयार केला. वरळी येथील हॅपी होम ही संस्था १९२५ मध्ये, तर पुणे येथील अंधशाळा डॉ. शंकरराव माचवे यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये सुरू झाली. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोडा येथे स्थापिलेल्या आनंदवनातही पुढे अंध विद्यालय निघाले.

या शाळांत ब्रेल, गणित व संगीत यांबरोबर वेताच्या खुर्च्या विणणे, विणकाम इ. हस्तव्यवसाय शिकविले जात. विद्यार्थ्यास किमान स्वतःचे पोट भरता यावे, हा हेतू त्यामागे होता. परंतु बहुतेक अंध मुलांची बौद्धिक शक्ती हातकामापलीकडे वापरली जाणार नाही, असे त्यात गृहीतही धरले गेले होते. स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी अखंड देशात मिळून अंधांच्या ३२ शाळा होत्या.

भारती ब्रेल : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात एकाच वेळी अनेक ब्रेल संकेत प्रचलित होते. नोल्स व गार्थवेट यांचे ओरिएंटल ब्रेल, बंगालमधील शाह ब्रेल आणि मुंबईतील नीलकंठराय ब्रेल हे त्यांपैकी प्रमुख होत. परिणामी एका शाळेत शिकलेल्या मुलास दुसऱ्या शाळेतील पुस्तक वाचता येत नसे आणि कोणत्याच लिपीत पुरेशी पुस्तके छापणे परवडत नसे. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या विचारविनिमयानंतर १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल हा एकच संकेत स्वीकारण्यात आला. त्याच वर्षी डेहराडून येथील केंद्रीय ब्रेल मुद्रणालयाचे काम सुरू झाले.

भारती ब्रेलमध्ये एका ध्वनीस सर्व भाषांत एकच चिन्ह असते. स्वरांना स्वतंत्र काना-मात्रा नसतात, तर व्यंजनानंतर तो स्वरच लिहितात. उदा., ‘मराठी’ हा शब्द म (१-३-४), र (१-२-३-५), आ (३-४-५), ठ (२-४-५-६) व ई (३-५) अशा पाच घरांत लिहिला जातो. जोडाक्षरात ज्या व्यंजनाचा स्वर लोपतो त्याच्या आधी ४ क्रमांकाचा एकच ठिपका देतात. ऱ्हस्व व दीर्घ वेलांटी वरून की खालून, मात्रा एक की दोन असे प्रश्न त्यामुळे उद्भवत नाहीत. ध्वनीनुसार चालणाऱ्या या रचनेचा आणखी एक लाभ असा, की ज्या बोलींना स्वतःची लेखनपरंपरा नाही, त्यांतील शब्दही मराठीच्याच चिन्हांनी लिहिता येतात.

वसतिगृहयुक्त शाळेची मर्यादा : १९ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत राष्ट्रीय अंध कल्याण संघाची (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) स्थापना झाली. संघाने शिक्षण, व्यवसायप्रशिक्षण, ब्रेल मुद्रण व ध्वनिमुद्रित पुस्तके या क्षेत्रांत काम उभारले. अमेरिकन लेखिका हेलन केलर यांनी १९५५ मध्ये भारताचा दौरा केला. त्यामुळेही समाजाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. विशेष शाळांची संख्या हळूहळू वाढली, पण त्या मुख्यतः शहरांतच राहिल्या.

अशा शाळेत प्रशिक्षित शिक्षक, ब्रेल पुस्तके आणि आपल्यासारख्याच मुलांची सोबत मिळते. सव्वाशे वर्षांतील बहुसंख्य सुशिक्षित अंध व्यक्ती अशाच शाळांतून पुढे आल्या. मात्र त्यासाठी मुलाला मोठी किंमत द्यावी लागते. इंग्रजी लेखक वेद मेहता (१९३४–२०२१) यांचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. मस्तिष्कावरणाच्या दाहाने बालपणीच अंध झालेल्या मेहतांना त्यांच्या वडिलांनी लाहोरहून सु. २,१०० किमी. दूर असलेल्या दादरच्या अंधशाळेत पाठविले. तेव्हा त्यांना पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तेथे त्यांनी ब्रेल आत्मसात केले. परंतु ते वारंवार आजारी पडत, तसेच कुटुंबापासूनचे तुटलेपणही त्यांना सोसावे लागले. या अनुभवाचे वर्णन त्यांनी वेदी (१९८२) या आत्मकथनात केले आहे. मेहतांचे वडील डॉक्टर होते आणि मुलास पाठविण्याचे व परत आणण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी होते. खेड्यातील शेतमजूर कुटुंबास ते शक्य नसे. वसतिगृहातून मोठ्या सुटीत घरी आलेल्या मुलास गावातील मुले, वाटा आणि कधीकधी घरची बोलीही परकी वाटे. शिक्षण पूर्ण झाल्यावर गावात त्याला स्थान नसे आणि शहरात घर नसे. मुलींच्या बाबतीत तर आईवडील दूरच्या वसतिगृहास बहुधा संमतीच देत नसत.

एकात्म व समावेशित शिक्षण : अंध मुलास शेजारच्याच शाळेत डोळस मुलांबरोबर शिकवावे, हा विचार यातून पुढे आला. १९५० नंतरच्या दशकात मुंबईत असे काही प्रयोग झाले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) अपंग मुलांचे शिक्षण हे दयेचे नव्हे, तर सर्वसाधारण शिक्षणपद्धतीचे अविभाज्य अंग आहे, अशी भूमिका घेतली व शक्य तेथे एकात्म शिक्षणाची शिफारस केली. मात्र याच आयोगाने १९८६ पर्यंत अंध, बधिर व अस्थिव्यंग मुलांपैकी सु. १५ टक्के मुलांना शिक्षण देणे हेच व्यवहार्य लक्ष्य मानले. म्हणजेच पुढील वीस वर्षांत शंभरांपैकी पंच्याऐंशी मुले शाळेबाहेर राहतील, हे नियोजनातच गृहीत धरण्यात आले होते.

१९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना सुरू केली. तीत विशेष प्रशिक्षित शिक्षक, पुस्तके व गणवेश यांसाठी साहाय्य, तसेच अंध विद्यार्थ्यास वाचून दाखविणाऱ्या वाचकासाठी भत्ता यांची तरतूद होती. १९८२ मध्ये ही योजना समाजकल्याण खात्याकडून शिक्षण खात्याकडे आली. अंध मूल हे कल्याणकार्याचा विषय नसून विद्यार्थी आहे, ही जाणीव या बदलामागे होती. स्पेनमधील सालामांका येथे १९९४ मध्ये भरलेल्या जागतिक परिषदेनंतर ‘समावेशित शिक्षण’ ही संज्ञा रूढ झाली. एकात्म शिक्षणात मुलाने शाळेशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा असते, तर समावेशित शिक्षणात शाळेने मुलासाठी बदलावे असे अभिप्रेत असते.

अपंग व्यक्ती अधिनियम, १९९५ ने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये प्राथमिक शाळा वस्तीपासून १ किमी. आणि उच्च प्राथमिक शाळा ३ किमी. अंतरात असावी, असे महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत म्हटले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलास घरी शिक्षण घेण्याचा हक्क मिळाला. २०१६ च्या अधिनियमाने ठरावीक प्रमाणाचे दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास शेजारची शाळा अथवा आपल्या पसंतीची विशेष शाळा निवडण्याचा अधिकार दिला. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वार्षिक कमाल ३,५०० रुपये आणि मुलींसाठी दरमहा २०० रुपये विद्यावेतन यांची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रात २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र शासकीय विभाग निर्माण झाला.

शाळेतील साहाय्य : सामान्य शाळेतील दृष्टिबाधित मुलास लागणारे साहाय्य दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात वर्गशिक्षकास कोणत्याही खर्चाविना करता येणाऱ्या गोष्टी येतात. फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारणे, ‘हे’, ‘तिकडे’ असे न म्हणता वस्तूचे नाव व दिशा सांगणे, मुलास नावाने हाक मारणे, वर्गातील बाकांची जागा अकस्मात न बदलणे, दार पूर्ण उघडे अथवा पूर्ण बंद ठेवणे, या त्या गोष्टी होत. अल्पदृष्टी मुलास पुढच्या बाकावर, पण खिडकीची तिरीप डोळ्यांवर येणार नाही अशा जागी बसवितात. काळ्याभोर फळ्यावरील ठळक अक्षर, जाड रेघांची वही आणि काळ्या शाईचे पेन यांचा त्यास मोठा उपयोग होतो.

दुसऱ्या प्रकारात विशेष शिक्षकाचे काम येते. ब्रेलच्या आधी बोटांचे स्पर्शज्ञान वाढविण्यासाठी धान्ये निवडणे, मणी ओवणे, कापडांचे पोत ओळखणे असे खेळ घेतले जातात. अंकगणितासाठी टेलर फ्रेम व मणिचौकट वापरतात. टेलर फ्रेममध्ये अष्टकोनी खाचांत धातूचे खिळे वेगवेगळ्या दिशांनी बसवून अंक दर्शविले जातात. भूमितीतील आकृती रबरी पाट्यावर उठावाने काढतात, तर नकाशांत नदीसाठी दोरा, डोंगरासाठी वाळू अशी योजना करतात. चित्रांवर आधारलेले धडे प्रत्यक्ष वस्तू हाती देऊन शिकवावे लागतात. हत्ती किंवा आगगाडी या गोष्टी हातात मावत नाहीत. त्यांच्या लहान प्रतिकृतीवरून मुलाच्या मनात आकाराविषयी चुकीची कल्पना होऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ देण्यात येतो. केंद्र शासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा जादा वेळ दर तासास किमान २० मिनिटे असतो.

दैनंदिन जीवन : अंध मुलास सर्वांत मोठा अडथळा अंधत्वाचा नसून अतिसंरक्षणाचा असतो, असा या क्षेत्रातील शिक्षकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. आई भरवते, भाऊ हात धरून नेतो आणि मुलास स्वतःहून काही करण्याची संधीच मिळत नाही. त्यामुळे शिक्षणाचा आरंभ घरातच व्हावा लागतो. ताटातील पदार्थ घड्याळाच्या तासांप्रमाणे ठरावीक जागी वाढणे, कपड्यांना ओळखीसाठी गाठ अथवा बटण लावणे, नाणी कडांवरून व नोटा लांबीरुंदीवरून ओळखणे यांचा सराव लहानपणापासून देता येतो.

संचारशिक्षण हा याचा पुढील टप्पा होय. लांब पांढऱ्या काठीचे तंत्र दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी विकसित केले. चालताना काठी कमानीसारखी डावीउजवीकडे फिरवून पुढील पाऊल पडण्याच्या जागेचा अंदाज घेणे, हे त्याचे तत्त्व आहे. भारतात डेहराडून येथे १९४३ मध्ये युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. पुढे तेथेच अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था विकसित झाली. शहरातील पदपथांसाठी रचलेले हे तंत्र खेड्यात जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे पायवाटेचा उतार, मुरूम व शेतमाती यांतील फरक, ओढ्याचा आवाज, गोठ्याचा वास, गिरणीचा ठोका या खुणांवर विसंबावे लागते. शिक्षकाने मुलाबरोबर त्याच वाटांवरून चालून या खुणा निश्चित करणे आवश्यक असते.

वाचनसाहित्य : ब्रेल पुस्तके आकाराने अवाढव्य असतात. छापील एका पाठ्यपुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक खंड होतात. मराठीतील नियतकालिकांत स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईहून सुरू केलेले स्पर्शज्ञान हे ब्रेल पाक्षिक उल्लेखनीय आहे. बातम्या व लेख यांच्या वाचनासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या मराठी वाचकास त्याने प्रथमच स्वतःचे वृत्तपत्र मिळवून दिले. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयात २००३ मध्ये स्थापन झालेल्या साधनकेंद्राने संगणकाच्या साहाय्याने उच्च शिक्षण घेण्याची वाट सुकर केली. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणाली मराठीतही उपलब्ध झाल्या. २०१२ मध्ये भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकांचे रूपांतर करण्यातील अडचण दूर झाली. याच हेतूने झालेल्या माराकेश कराराला (२०१३) मान्यता देणारे भारत हे पहिले राष्ट्र होय. तथापि ऐकणे हा वाचण्यास पर्याय नव्हे. केवळ श्राव्य साधनांवर शिकलेल्या मुलाचे शुद्धलेखन कच्चे राहते, म्हणून प्राथमिक वर्गांत ब्रेलचे स्थान अबाधित मानले जाते.

विसरवाडी परिसर व दुर्गम भागांतील प्रश्न : कायदा, लिपी व साधने उपलब्ध असूनही ती मुलापर्यंत पोहोचण्यात कोणत्या अडचणी येतात, हे विसरवाडी परिसराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील, सुरत–धुळे राष्ट्रीय महामार्गावरील गाव आहे. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते. साक्षरतेचे प्रमाण सु. ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. अंधशिक्षणाची जुनी केंद्रे असलेली मुंबई व पुणे ही शहरे येथून शेकडो किलोमीटर दूर आहेत.

पहिली अडचण वस्तीच्या रचनेची आहे. या भागातील गावे दूरदूर विखुरलेल्या पाड्यांची बनलेली असतात. नियमातील एक किलोमीटर अंतर डोळस मुलास किरकोळ वाटले, तरी ओढा ओलांडून व चढउतार करून जावयाचा तोच एक किलोमीटर अंध मुलास सोबतीवाचून, विशेषतः पावसाळ्यात, अशक्य होतो. दुसरी अडचण भाषेची आहे. मावची, भिलोरी, कोकणी अशा घरच्या बोलींतून आलेल्या मुलास मराठी ही शाळेची भाषा नव्याने शिकावी लागते. डोळस मूल ती चित्रे व हावभाव पाहून उचलते. अंध मुलास मात्र अपरिचित शब्दाचा अर्थ सुचविणारे कोणतेच दृश्य नसते. अशा मुलाचे मौन हे मतिमंदत्वाचे लक्षण समजले जाण्याचा धोका असतो. या ठिकाणी बोली जाणणारा शिक्षक हा कोणत्याही साधनाहून अधिक मोलाचा ठरतो. बोलीतील शब्द मराठीच्याच ब्रेल चिन्हांनी लिहून आरंभ करता येतो, ही भारती ब्रेलची सोयही येथे उपयुक्त आहे.

तिसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी शेजारच्या गुजरातेत जातात. डोळस भावंडांना आजीजवळ किंवा आश्रमशाळेत ठेवता येते. अंध मुलास सांभाळणारे कोणी नसल्यास त्यास बरोबर नेले जाते व त्याच्या शिक्षणात खंड पडतो. आदिवासी भागांत शासनाने उभारलेल्या निवासी आश्रमशाळा हा या बाबतीत मधला मार्ग होऊ शकतो. त्या मुंबई-पुण्याच्या मानाने घरापासून जवळ असतात, त्यांतील मुले एकाच परिसरातील असतात आणि बोलीही ओळखीची असते. मात्र त्यासाठी तेथे ब्रेल जाणणारा शिक्षक व निवासाची योग्य व्यवस्था असणे आवश्यक आहे. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी संलग्न असून अनेक शाळांना भेटी देतात. अधूनमधून होणाऱ्या भेटीत मार्गदर्शन करता येते, परंतु ब्रेल शिकविता येत नाही. पहिल्या दोन वर्षांत ब्रेलचा सराव रोजच्या रोज व्हावा लागतो.

चौथी बाब आरोग्याची आहे. १९७० मध्ये सुरू झालेला अ जीवनसत्त्व वितरणाचा कार्यक्रम, १९७६ चा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आणि १९७७ मध्ये जाहीर झालेले भारतातील देवीरोगाचे निर्मूलन यांमुळे बालपणीच्या अंधत्वाची जुनी कारणे पुष्कळ अंशी मागे पडली. २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी केली जाते. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर झाल्यास किंवा योग्य क्रमांकाचा चष्मा मिळाल्यास ‘अंध’ म्हणून घरी बसविलेली काही मुले सामान्य विद्यार्थी होऊ शकतात. म्हणून शाळेतील साहाय्याची पहिली पायरी डोळ्यांची तपासणी हीच असावी लागते.

मूल्यमापन : १९०० मध्ये दुष्काळातील मुलांसाठी निघालेल्या शाळेपासून २०१६ च्या अधिनियमापर्यंत महाराष्ट्रातील अंधशिक्षणाचा प्रवास आश्रयाकडून हक्काकडे झाला. विशेष शाळा आणि सामान्य शाळा यांचा विरोध आता पूर्वीइतका तीव्र राहिलेला नाही. ब्रेलचा पाया, संचारशिक्षण व साधनांची निर्मिती यांसाठी विशेष शाळांचे कौशल्य आवश्यक आहे, तर कुटुंब व गाव यांपासून मूल तुटू नये यासाठी शेजारची शाळा आवश्यक आहे. जुन्या व्यवस्थेत मूल शाळेपर्यंत पाठविले जात होते. नव्या व्यवस्थेत ब्रेल जाणणारा शिक्षक मुलाच्या पाड्यापर्यंत जावा अशी अपेक्षा आहे. विसरवाडीच्या परिसरातील एखादी अंध मुलगी रोज संध्याकाळी आपल्या घरी परतते आणि तरीही अक्षरापासून वंचित राहत नाही, यावरच या व्यवस्थेची खरी कसोटी लागते.